शांततेचे वय : नाणेघाट आणि जुन्नरची लेणी

दिवाळीच्या सुट्टीत शहरातला माणूस गावाकडे निघतो तेव्हा त्याला दोन गोष्टी हव्या असतात. एक शांतता, आणि दुसरी, जवळपास एखादा किल्ला किंवा लेणे. शांत जागा आणि जुनी जागा यांचे जणू उपजतच सख्य असावे, असे आपण धरून चालतो. गेली काही वर्षे या दिवसांत जुन्नरच्या पश्चिमेला मुक्काम करताना मला या समजुतीविषयी शंका येऊ लागली. तिथली शांतता पुरातन नाही. जे पुरातन आहे ते वर्दळीचे आहे.

जुन्नरहून तीस-पस्तीस किलोमीटरवर घाटघर गाव ओलांडले की पठार एकदम संपते आणि नाणेघाटाची नाळ कोकणात उतरते. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून वर येणारा माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी एक चौकोनी लेणे आहे. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख आहे. 1828 मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो पाहिला आणि अभ्यासकांचे लक्ष तिकडे वळले. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी त्याच्या वाचनावर परिश्रम घेतले. अक्षरवाटिकेवरून तो साधारणपणे इ. स. पूर्व पहिल्या शतकातला मानला जातो.

लेख एका सातवाहन राणीचा आहे. मुख्य लेखात तिचे नाव असायला हवे तिथे दगड खराब झाला आहे. मागच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या नष्ट झाल्या, पण त्यांच्यावर कोरलेल्या नावांपैकी काही वाचता येतात. त्यांत सिमुक सातवाहन आहे, आणि देवी नायनिका व राजा सातकर्णी यांची नावे शेजारी शेजारी आहेत. त्यावरून ही राणी नायनिका, म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतो ती, असे अनुमान निघते. एका महत्त्वाच्या ऐतिहासिक स्त्रीची ओळख अशी शेजारच्या भिंतीवरच्या दोन शब्दांवर तोललेली आहे.

लेखात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते: गाई, हत्ती, घोडे, गावे, कार्षापण. आकडे शब्दांत नाहीत, चिन्हांत आहेत. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चारशे होतात. अशा पद्धतीने वीस हजारांपर्यंतची मजल गाठलेली आहे. भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीला फार मोठे स्थान आहे ते यामुळे.

हा लेख राजधानीत न कोरता इथे का कोरला? राज्यातल्या सर्वाधिक माणसांना ज्या अरुंद जागेतून जावेच लागे, ती ही जागा होती. वाचता न येणाऱ्यालाही मागच्या भिंतीवरचे राजघराणे दिसत होते. घाटमाथ्यावरच्या मोठ्या दगडी रांजणात जकात टाकत, असे लोक सांगतात. राणीच्या लेखात जकातीचा उल्लेख नाही. पण हा घाट म्हणजे पैशाची वाट होती, एवढी जाण त्या लोकस्मृतीत नक्कीच आहे.

घाटातला मला सर्वांत जवळचा वाटणारा लेख मात्र राणीचा नाही. तो पाण्याच्या टाक्यावरचा आहे, आणि सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही पोढी दान दिली, एवढेच तो सांगतो. या माथ्यावर चार महिने पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होते. बंदरातून चढून येणाऱ्या माणसाची आणि बैलाची तहान ज्याला ठाऊक होती, त्याचे हे दान आहे.

जुन्नरभोवतीच्या लेण्यांत हीच माणसे पुन्हा भेटतात. तिथे धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून असल्याचे उल्लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. नहपान या क्षत्रपाचा अमात्य अयम याचा लेख मानमोडीच्या डोंगरात आहे. भिक्षूंना पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे लागे, त्या वर्षावासासाठी ही लेणी उपयोगी पडत. ती एकांतात होती, पण भिक्षेला गावात जाऊन परतता येईल इतक्याच अंतरावर. या एकांताचा खर्च बाजारपेठ उचलत होती.

मग ही वर्दळ गेली कुठे? नाणेघाट पायऱ्यांचा. तिथे लमाणांचे बैल चालत, गाडी चालत नसे. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे चढली, 1865 मध्ये थळघाटातूनही. चाकावरचा माल स्वस्त पडतो. तो तिकडे गेला आणि त्याच्यामागून हळूहळू हातांची कामेही गेली. आज आपण ज्या शांततेसाठी इथे येतो, तिच्यात या निघून गेलेल्या कामांचा वाटा आहे.

आणि ती शांतता सुद्धा बहुतांशी पाहुण्यांपुरतीच. आपली सुट्टी असते तेव्हा इथे भातकाढणीची घाई असते. कापणी, भारे, झोडणी यांत घरातले सगळे गुंतलेले असतात. ओसरीवर बसून आपण निवांतपणाचे कौतुक करतो तेव्हा यजमानीण पहाटेपासून खळ्यावर राबून आलेली असते.

म्हणून सुट्टीवर जाऊ नये, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः जातो, जाणार आहे. पण ऐतिहासिक स्थळ पाहणे म्हणजे तिथल्या शांततेचे वय विचारणे, असे मला आता वाटते. ती कधीपासून आहे, कशामुळे आहे, आणि कोणाच्या वाट्याला आली नाही? या प्रश्नांनी सहलीची मजा कमी होत नाही. उलट भिंतीवरची अक्षरे बोलकी होतात. लेण्यांच्या भिंतींवर हल्ली पुष्कळ नावे खिळ्याने ओरखडलेली दिसतात. गोविंददासानेही दगडावर आपले नाव ठेवले होते. त्याने आधी तिथे पाण्याची सोय केली होती.