वाजंत्री आणि मुहूर्त

आपल्याकडे लग्नाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं विधींकडे पुष्कळ लक्ष दिलें, हुंड्याकडे दिलें, मानपानाकडेहि दिलें; लग्नांतल्या आवाजाकडे मात्र फारसें कोणीं कान दिले नाहींत. ज्यांचा अंत १९२६ सालीं धुळ्यास झाला आणि ज्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्याच गांवीं १९२७ पासून उभें आहे, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीं भारतीय विवाहसंस्थेचा उगम शोधण्याचें साहस केलें. परंतु त्यांचा प्रश्न स्त्रीपुरुषसंबंध कसकसे बदलत गेले हा होता. मंडपाबाहेर बसलेल्या वाजंत्र्यांशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. यांत नवल नाहीं. दानपत्र ताम्रपटावर राहतें, आवाज हवेंत विरून जातो. तथापि तो विरून गेला म्हणजे त्याला इतिहासच नव्हता असें कोणीं समजूं नये.

खानदेशांत लग्न उघड्यावर लागतें, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. कपाशीचा पैसा हातीं आलेला असतो, शेत रिकामें असतें, म्हणून लग्नसराई येते ती नेमकी चैत्र-वैशाखांत. आणि त्या दिवसांत तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. घराच्या माजघरांत चारपांचशें माणसें त्या उन्हाळ्यांत कोण कोंबणार? सबब अंगणांत किंवा गल्लींतच मेढी रोंवून मांडव घालावयाचा, आणि शक्य तर गोरज मुहूर्त धरावयाचा, म्हणजे ऊन उतरतें. उघड्यावर मंडळी सुखावते. पण उघड्यावर आवाजाचे हाल होतात. भिंती नाहींत, छप्पर नाहीं. बोललेला शब्द परत फिरून कानीं येत नाहीं. जोशीबोवांचा गळा कितीहि खणखणीत असो, पंचवीस-तीस हातांपलीकडे त्यांचें संस्कृत म्हणजे नुसती गुणगुण. मग मागच्या रांगेंतल्या पाहुण्यानें अक्षता टाकावयाच्या केव्हां?

या अडचणीचें जें उत्तर आपल्या पूर्वजांनीं काढलें तें मला मोठें मार्मिक वाटतें. मुहूर्ताची वेळ घटिकापात्र सांगे. तांब्याची लहानशी वाटी, बुडाला बारीक छिद्र, पाण्यावर सोडलेली. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटें झालीं. हें झालें डोळ्याचें काम. तें कानाला कळविण्याची साखळी निराळी होती. मंगलाष्टकें बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तांत, चरणाला एकोणीस अक्षरें. त्यांची चाल सर्वांच्या ओळखीची, त्यामुळें शब्द न कळले तरी श्लोक संपत आला हें लांबूनहि कळे. शेवटीं ‘सावधान’. अंतरपाट खालीं येई, पुढच्या रांगेंतून कोणीतरी ‘वाजवा’ म्हणून ओरडे, आणि बाहेर दबा धरून बसल्यासारखीं बसलेलीं डफडीं, संबळ, सनई एकदम उठत. त्या एका क्षणांत गांवाच्या वेशीपर्यंत बातमी जाई कीं लग्न लागलें.

यांतली खरी मेख वाजविण्यांत नसून न वाजविण्यांत आहे. अष्टकें चालू असतां वाजंत्र्यानें गप्प बसावयाचें असे. तें मौन होतें म्हणूनच त्यानंतरच्या दणक्याला अर्थ होता. ‘सावधान’ या एका शब्दावर मंडपांतून निघून गेलेल्या समर्थांची कथा सर्वांस ठाऊक आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनीं ज्या धुळ्यांत समर्थांच्या वाङ्मयाचें मंदिर उभारलें तेथें ती नव्यानें सांगावयास नको. कथेचें ऐतिहासिकत्व कांहींहि असो, ती रचणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत होती : मंडपांत तो शब्द नवऱ्या मुलाला स्पष्ट ऐकूं येतो.

वाद्यांचीहि निवड कांहीं आंधळी नव्हती. सनईच्या तोंडाशीं पत्तीची दुहेरी जीभ असते. तिचा सूर तीव्र, गर्दीच्या कोलाहलांतून आरपार जाणारा. जोडीदार केवळ षड्ज धरून ठेवी, म्हणून त्याच्या वाद्याचें नांवच ‘सूर’. संबळ म्हणजे एकत्र बांधलेली दोन तोंडांची जोडी, एक घुमणारी आणि दुसरी वांकड्या काठीनें कडकडणारी. डफाचें कातडें संध्याकाळच्या दमट हवेनें सैल पडे, म्हणून वाजंत्री पाचोळ्याचा जाळ करून तें शेकीत. वरात थांबली कीं रस्त्याच्या कडेला असा जाळ दिसावयाचाच. पश्चिमेकडे, पूर्वींच्या धुळें जिल्ह्यांतून १९९८ सालीं वेगळ्या झालेल्या नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यांत, सनईच्या जागीं भोपळ्याची पावरी येते आणि तिच्या नादावर सबंध रात्र नाच चालतो. ती कथा स्वतंत्र लेखाची आहे.

आतां या व्यवस्थेची दुसरी बाजू. लग्नाची सर्वांत मंगल घटका जो जाहीर करी, त्याची स्वतःची जागा मंडपाबाहेर होती. देवळांतली वाजंत्री गुरवाकडे. लग्नांतलीं वाद्यें घडशी, होलार, मांग यांच्याकडे, मुलुखापरत्वें थोड्याफार फरकानें. कातड्याला हात लावणारा तो अस्पृश्य, आणि त्या कातड्याचा नाद मात्र शुभ, ही विसंगति शेंकडों वर्षें कोणास खुपली नाहीं. मोबदला म्हणजे शिधा, एखादें पागोटें, ओवाळणीचे पैसे. आणि पंगत उठल्यावर उरेल तें. वाजंत्री हा हक्क होता खरा, पण तो नाकारण्याचा हक्क त्यांत नव्हता. ज्याच्या वाजविण्यावांचून गांवांत कोणाचें लग्न पुरें होत नसे, त्याच्याच मुलाची वरात वाजतगाजत गांवांतून जाऊं लागली कीं वाट अडविली जाई. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यानें अस्पृश्यतेच्या कारणावरून सामाजिक वा धार्मिक रूढि पाळण्यास आडवें येणें हा गुन्हा ठरविला. तो ठरवावा लागला, यावरून वाद्याचा आणि प्रतिष्ठेचा संबंध किती घट्ट होता हें उघड होतें.

वाद्य नसणें हेंहि एक विधानच असे. विधवेचा पाट, ज्याला कोठें म्होतूर म्हणत, तो रात्रीं, अंधारांत, चार माणसांत आणि वाजंत्रीवांचून लागे. १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा झाला म्हणून हें मौन सुटलें नाहीं. कायद्यानें संबंध वैध ठरला, सनई कांहीं दाराशीं आली नाहीं. मराठेशाहींत लग्नटका आणि पाटदाम असे दोन निरनिराळे कर होते. सरकार दोहोंकडूनहि पैसा घेई, समाज मात्र एकालाच आवाज देई. विवाहनोंदणी जेव्हां नव्हती, तेव्हां लग्न झालें याला पुरावा काय, तर गांवानें वाजंत्री ऐकली हा. ज्या स्त्रीच्या लग्नाला वाजंत्री नाहीं तिच्या पदरीं तो पुरावाहि नाहीं. वारसाच्या तंट्यांत याचे परिणाम काय होत असतील याची कल्पना वाचकांनींच करावी.

१८६० च्या दशकांत लोहमार्ग जळगांव-भुसावळपर्यंत आला. पलटणींतलें पितळी बँडवाद्य खानदेशांत कोणत्या वाटेनें शिरलें तें नेमकें दाखवितां येणार नाहीं. पण मुंबईहून आग्र्याला जाणारा हमरस्ता धुळ्यावरून महूच्या छावणीकडे जातो, तेव्हां छावणी, संस्थानी दरबार आणि मग सावकाराचें लग्न अशी पायरीपायरीनें तें उतरलें असावें, असें मला वाटतें. क्लॅरोनेट, कॉर्नेट, मोठा ढोल, अंगांत झालरी लावलेला कोट. या कोटानें एक मोठें काम केलें. वाजंत्री हा बलुत्याचा माणूस न राहतां ठरलेल्या रकमेवर येणारा कसबी झाला. सुपारी घेणें न घेणें त्याच्या हातीं आलें. सुरांची हानि झाली हें मान्य. सनईची मींड कॉर्नेटच्या पडद्यांत मावत नाहीं. परंतु गाण्याच्या हानीबद्दल हळहळणाऱ्यांनीं वाजविणाऱ्याला काय मिळालें तेंहि जमेस धरावें.

बँडपर्यंत आवाज माणसाच्या दमाइतकाच होता. दम संपला कीं वाद्य थांबे. ती मर्यादा भोंग्यानें ओलांडली. हें यंत्र आपल्या मुलुखांत आलें तें राजकीय सभांच्या काळांत. १९३६ सालीं फैजपूरला काँग्रेसचें पहिलें खेड्यांतलें अधिवेशन भरलें, त्या पिढीनें उघड्यावरचे अफाट समुदाय प्रथम पाहिले. सभेचा सोबती पुढें लग्नाचा सोबती झाला. आतां जोशीबोवांचा शब्द मागच्या रांगेस ऐकूं जाईल अशी अपेक्षा होती. झालें उलटेंच. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो; मंडपाच्या दोन टोकांना पन्नास मीटरांवर दोन भोंगे बांधले, तर एकाजवळ बसलेल्याला दुसऱ्याचा शब्द सेकंदाच्या सातव्या हिश्शानें मागाहून ऐकूं येतो, आणि एकोणीस अक्षरांच्या चरणाचें कडबोळें होतें. दोन्ही भोंगे जोशीबोवांच्या बाजूसच, पाहुण्यांकडे तोंड करून लावावेत, हा साधा उपाय. पण तो योजणारा मांडववाला मला विरळाच भेटला.

भोंग्यानें आणखी एक घात केला. हळदीच्या रात्रीं, आखाजीच्या झोक्यावर, जात्याशीं बसून बायका अहिराणींत जीं गाणीं म्हणत, त्यांना ध्वनिक्षेपक लागत नव्हता. व्याह्याविहिणींच्या उखाळ्यापाखाळ्या घरांतल्या घरांत चालत. बहिणाबाई चौधरी या आसोद्याच्या मुलीची वाणी याच मुशींतली. बाहेर चित्रपटगीत लागलें कीं घरांतलें गाणें आपोआप बंद पडतें. पुढें ध्वनिफितींवर आणि हल्लीं भ्रमणध्वनीवर अहिराणी गाणीं पुन्हा लग्नांत आलीं, लोक त्यांवर बेभान नाचतातहि. परंतु तीं ऐकावयाचीं झालीं, म्हणावयाचीं राहिलीं नाहींत.

अखेरीस आला तो गाडीवर रचलेला ‘डीजे’. येथें थोडें गणित करणें भाग आहे. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज ६ डेसिबलनें उतरतो. एका मीटरवर ११० डेसिबल देणारी पेटी धरली, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागास दिवसा घालून दिलेल्या ५५ डेसिबलवर यावयास सुमारें साडेपांचशें मीटर लागतात. मध्यें भिंती असल्या तर कांहीं कमी. पण अशी एकच पेटी कोण आणतो? बहुतेक खेड्यांचा विस्तार याहून फारसा मोठा नसतो. म्हणजे बाळंतीण, आजारी म्हातारा, परीक्षेस बसलेलें पोर, कोणीहि त्यांतून सुटत नाहीं. जुनें डफडेंहि सबंध गांवाला ऐकूं जाई, हें खरें. तें क्षणभर बातमी देई आणि थांबे.

रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपक बंद, असा तो नियम आहे. सर्वोच्च न्यायालयानें १८ जुलै २००५ च्या निकालानें तो उचलून धरला. लग्नाचा पुरावाहि आतां १९९८ च्या कायद्याप्रमाणें नोंदणीच्या दाखल्यावर मिळतो, वाजंत्रीची साक्ष लागत नाहीं. निमंत्रणपत्रिकेवर मुहूर्त मात्र अजून मिनिटांसह छापतात : सायंकाळीं ६ वाजून ३५ मिनिटें. त्या वेळीं नवरदेव मारुतीच्या पारापासून निघालेलाहि नसतो, कारण पेट्यांची गाडी माणसाच्या नाचाच्या वेगानें सरकते. आठच्या पुढें मंडळी मंडपाशीं पोंचतात, जोशीबोवा अष्टकें भराभर आटोपतात, आणि मग ज्याच्या त्याच्या नजरा घड्याळाकडे लागतात, कारण दहाला पोलीस येतील. घटिकापात्र कोणीं बुडतांना पाहिलें नाहीं अशी ती मंडळी असते.