वेगाची हद्द आणि चांद्याचा उन्हाळा

१९८१ च्या ऑगस्ट महिन्यात आयबीएम कंपनीने अमेरिकेत आपला पहिला वैयक्तिक संगणक विक्रीस काढला. पुढल्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, जुन्या चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा महसुली दप्तरात नोंदला गेला. आणि १९८३ साली चंद्रपूरच्या ऊर्जानगरात औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच फिरू लागला. या तीन घटनांत कार्यकारणाचा संबंध कोणताही नाही. तथापि, संगणकाच्या प्रोसेसरला त्याच्या नेमून दिलेल्या वेगापलीकडे पळविण्याची जी प्रथा ओव्हरक्लॉकिंग या नावाने जगभर रूढ झाली, तिचा इतिहास या दोन अरण्यप्रधान जिल्ह्यांच्या भूमीवरून पाहावयाचा असेल, तर त्या एकत्रच ध्यानात घ्याव्या लागतात. कारण हा इतिहास जितका वेगाचा, तितकाच विजेचा आणि उष्णतेचा आहे.

प्रोसेसर आपले प्रत्येक काम एका स्फटिकाच्या नियमित स्पंदनांच्या तालावर करतो. आयबीएमच्या त्या पहिल्या संगणकात हा ताल ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे सत्तेचाळीस लक्ष सत्तर हजार स्पंदनांचा होता. १९८४ साली आलेल्या त्यांच्या एटी या संगणकात १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसविलेला असे आणि प्रोसेसर त्याच्या निम्म्या, म्हणजे ६ मेगाहर्ट्झच्या वेगाने चाले. हा स्फटिक हाताने उपसून काढता येतो हे चाणाक्ष ग्राहकांच्या लक्षात येण्यास विलंब लागला नाही. त्यांनी त्या जागी १६ किंवा १८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसविला आणि अल्प खर्चात ८ किंवा ९ मेगाहर्ट्झचे यंत्र पदरात पाडून घेतले. कंपनीने पुढच्या आवृत्तीत संगणक सुरू होतानाच वेगाची झडती घेण्याची तजवीज करून या प्रकारास मज्जाव केला. निर्मात्याने हद्द आखावी आणि वापरणाऱ्याने ती चाचपून पाहावी, हा झगडा तेव्हापासून चालत आला आहे.

ही हद्द निर्माता आखतो तरी कशी, हे समजल्यावाचून या प्रथेचे मर्म कळत नाही. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या चिपा गुणाने सारख्या निघत नाहीत. त्यांची परीक्षा घेऊन त्यांवर वेगाचे निरनिराळे आकडे टाकले जातात आणि खराब हवा, अपुरा पंखा, धूळ यांसाठी काही अंतर राखून ठेवले जाते. स्वस्त मालाला मागणी फार आली, की उत्तम चिपांवरही हलका आकडा पडतो. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आला, तो याच योगाने विख्यात झाला: मदरबोर्डाच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० चा हा प्रोसेसर ४५० वर चाले, आणि अनेकांकडे तो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला. त्या काळी काही लबाड व्यापारी हलक्या प्रोसेसरवरील आकडा खोडून वरचा आकडा छापीत व तो चढ्या भावाने विकीत. बसच्या वेगाला ज्या संख्येने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो, त्या गुणकाला इंटेलने कुलूप घातले त्यामागे ही फसवणूकही एक कारण होती. २०१० पासून कंपनीने के अक्षराच्या प्रोसेसरांना गुणक बदलण्याची मुभा स्वतःच दिली, आणि जी गोष्ट चोरवाटेने होत असे तिला राजमान्यता मिळाली.

महाराष्ट्रात मात्र वेगाचा प्रश्न एका थोर मार्गाने सोडविला गेला, आणि तो सोडविणाऱ्यांचा अग्रणी विदर्भाचा सुपुत्र होता, याचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्यात एकाच प्रोसेसरला ताणण्याऐवजी अनेक प्रोसेसरांना एकाच कामावर तैनात केले होते. पुढे २००५ च्या सुमारास, केवळ ताल वाढवून वेग मिळविण्याचा रस्ता उष्णतेने अडविला तेव्हा, सामान्य संगणकाच्या निर्मात्यांनाही एकाच चिपेत अनेक गाभे बसविण्याच्या याच दिशेला वळावे लागले.

उष्णतेचा हा अडसर गणिताचा आहे. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी शक्ती तालाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; ताल एक दशांशाने वाढविला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेजही एक दशांशाने वाढविले, तर खर्च सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, आणि तो सारा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ही उष्णता पंखा आणि हीटसिंक खोलीतील हवेच्या स्वाधीन करतात. म्हणून खोलीच्या हवेपेक्षा थंड प्रोसेसर साध्या पंख्याने कदापि होत नाही. पंचवीस अंशांच्या खोलीत ज्याचे तापमान पंचाहत्तर राहते, तोच प्रोसेसर त्याच भाराखाली त्रेचाळीस अंशांच्या खोलीत त्र्याण्णवच्या आसपास जातो, आणि शंभराच्या जवळ पोहोचताच अनेक प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतात. निर्मात्याने जे अंतर राखून ठेवलेले असते, ते चांद्याचा मे महिना परस्पर वसूल करून घेतो. भर उन्हाळ्यात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या या शहराला हे सांगावयास नको. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणातील पाणी आटले तेव्हा येथल्या वीज केंद्रातील संचही बंद ठेवावे लागले होते. यंत्र केवढेही प्रचंड असो, त्याची उष्णता वाहून नेणारे माध्यम संपले की त्याला थांबावेच लागते.

या जिल्ह्यांतील नवशिक्याने म्हणूनच परदेशी आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. डिसेंबरात साधलेला वेग मे महिन्यात टिकेल याची हमी नाही. कसोटी घ्यावयाची ती उन्हाळ्यातील दुपारी, जेथे संगणक रोज बसतो त्याच खोलीत. वाळ्याच्या वा लाकडी भुशाच्या ताट्यांचा कूलर कोरड्या वैशाखात खोलीची हवा खरोखरच उतरवितो, परंतु पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा अंमल संपतो, आणि त्याचा ओला झोत थेट संगणकावर सोडणे तर सर्वथा वर्ज्य. एटापल्ली, भामरागड किंवा सिरोंचाच्या बाजूला, जेथे वादळात वनातील वीजतारांवर झाड कोसळले की पुरवठा खंडित होतो, तेथे चांगल्या प्रतीचा एसएमपीएस आणि यूपीएस यांचा बंदोबस्त आधी करावा. संगणक सुरू करणाऱ्या बायोस या मूळ प्रणालीचे नूतनीकरण चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. आपला प्रोसेसर व मदरबोर्ड गुणक बदलू देतात किंवा नाही याची खातरजमा करावी, हमीपत्रातील अटी वाचाव्यात, महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवावी. कारण अस्थिर प्रोसेसर प्रत्येक वेळी बंद पडून इशारा देतोच असे नाही, कधी तो मुकाट्याने चुकीचा हिशेब लिहून ठेवतो.

त्यानंतर गुणक एका वेळी एकाच पायरीने, म्हणजे बहुधा शंभर मेगाहर्ट्झने, चढवावा. प्रत्येक पायरीवर पूर्ण भाराची चाचणी चालवून तापमान वहीत टिपावे. संगणक अडखळला तर लगेच व्होल्टेज वाढविण्याचा मोह न धरता एक पायरी खाली यावे. संगणक सुरूच झाला नाही, तर वीज काढून, मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बायोसच्या नोंदी मूळपदावर आणता येतात. त्यासाठी घाबरण्याचे कारण नाही.

अलीकडचे प्रोसेसर थंडावा मिळाला की आपला वेग आपणच वाढवितात, त्यामुळे हाताने मिळविण्याजोगे फारसे उरलेले नाही. या प्रदेशात मला तर उलट वाट अधिक उपकारक वाटते: वेग आहे तोच ठेवून व्होल्टेज थोडे थोडे उतरवीत जावे, प्रत्येक उताराला तीच चाचणी द्यावी, आणि मे महिन्यातील दुपारीही ज्यावर प्रोसेसर स्थिर राहील तेथे थांबावे. व्होल्टेजच्या वर्गाचा नियम उतरतानाही तितक्याच चोखपणे लागू पडतो. एक दशांश व्होल्टेज उतरविले तर शक्तीचा खर्च सुमारे एक पंचमांशाने घटतो, आणि तितकी उष्णता आधीच तापलेल्या खोलीत ओतली जात नाही.