‘टेनर’ : ऑपेरातील नायकाचा आवाज ते गृहकर्जाची मुदत

नवी दिल्ली : पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातील पुरुषाचा उंच पट्टीतील आवाज म्हणजे ‘टेनर’, अशी या शब्दाची सर्वसाधारण ओळख आहे. तथापि, हाच शब्द बँकेच्या कर्जमंजुरीपत्रात, धनादेश व हुंडीविषयक कायद्यात आणि मुत्सद्द्यांच्या चर्चेच्या वार्तांकनातही आढळतो. प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा असला, तरी मूळ एकच आहे.

मूळ अर्थ ‘धरून ठेवणे’

हा शब्द ‘टेनेरे’ या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. त्याचा अर्थ धरणे, धरून ठेवणे. पदाचा कार्यकाळ दर्शविणारा ‘टेन्युअर’ आणि कूळ किंवा भाडेकरू या अर्थाचा ‘टेनंट’ हे शब्दही याच धातूचे वंशज आहेत.

संगीतात हा शब्द प्रथम आवाजाची उंची सांगण्यासाठी आला नव्हता. मध्ययुगीन युरोपात, विशेषतः १२०० च्या सुमारास पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या परंपरेत, अनेक आवाजांची एकत्र गुंफण करणारे गायन विकसित झाले. त्यात मूळ प्रार्थनागीताची चाल दीर्घ स्वरांत धरून ठेवणारा आवाज तो ‘टेनर’. अन्य आवाज त्याच्या आधाराने फिरत. पुढे त्याच्या जोडीला आलेल्या ‘कॉन्ट्राटेनर’चे उंच आणि खालचा असे दोन भाग झाले. त्यांतूनच आजचे ‘आल्टो’ आणि ‘बास’ हे शब्द रूढ झाले. म्हणजे टेनर हे आधी कामाचे नाव होते, गळ्याचे नंतर झाले.

आवाजाचा पल्ला

समूहगायनात सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे चार मुख्य आवाज मानले जातात. पहिले दोन सामान्यतः स्त्रियांचे, नंतरचे दोन पुरुषांचे. टेनरचा पल्ला साधारण दोन सप्तकांचा, म्हणजे सुमारे १३० ते ५२३ हर्ट्झ कंपनसंख्येचा असतो. त्यातही हलका व चपळ, भावमधुर आणि भारदस्त नाट्यमय असे प्रकार केले जातात. जर्मन संगीतकार वाग्नर यांच्या ऑपेरांतील वीरनायकांसाठी लागणारा दमदार टेनर हा स्वतंत्र प्रकार मानला जातो.

ध्वनिवर्धकाशिवाय हा आवाज मोठ्या वाद्यवृंदावरून श्रोत्यांपर्यंत पोहोचतो, यामागे शास्त्रीय कारण आहे. तयार गळ्यातून सुमारे ३,००० हर्ट्झच्या आसपास ध्वनिऊर्जा एकवटते. वाद्यवृंदाचा जोर त्या पट्ट्यात तुलनेने कमी असल्याने गायकाचा आवाज वेगळा ऐकू येतो.

हिंदुस्थानी संगीतात आवाजांची अशी वर्गवारी नाही. तेथे गायक आपल्या गळ्याला मानवेल तो षड्ज निवडतो आणि तानपुरा त्या पट्टीत लावला जातो. पाश्चात्त्य रचनेत मात्र पट्टी बहुधा संगीतकाराने आधीच ठरविलेली असते, त्यामुळे गळा रचनेला साजेसा असावा लागतो. भारतात चार आवाजांच्या गायनाची परंपरा प्रामुख्याने चर्चमधून रुजली. गोव्यात पोर्तुगीज काळातील चर्चच्या शाळांनी स्वरलिपीसह या संगीताचे शिक्षण दिले.

दुय्यम भूमिकेतून नायकपदाकडे

अठराव्या शतकातील गंभीर इटालियन ऑपेरात नायकाची भूमिका बहुधा बालपणीच खच्ची केलेल्या गायकांकडे जात असे. टेनरच्या वाट्याला प्रायः राजा वा पिता अशा भूमिका येत. ही प्रथा मागे पडल्यावर एकोणिसाव्या शतकात टेनर नायक झाला.

या बदलाची किंमत एका गायकाने मोजली. रोसिनी यांच्या ‘गिय्योम टेल’ या ऑपेरात १८२९ मध्ये आदोल्फ नूरी यांनी प्रमुख टेनर भूमिका केली. ते सर्वोच्च स्वर हलक्या आवाजात घेत. १८३७ मध्ये जिल्बेर द्युप्रे यांनी पॅरिसमध्ये हाच तार ‘सा’ भरदार, छातीच्या आवाजात लावला आणि श्रोत्यांची अभिरुची पालटली. स्वतः रोसिनी यांना ती पद्धत रुचली नव्हती. द्युप्रे यांच्या नेमणुकीमुळे पॅरिस ऑपेरा सोडलेल्या नूरी यांनी नव्या पद्धतीचा अभ्यास केला. मात्र खालावलेली प्रकृती आणि नैराश्य यांतून १८३९ मध्ये नेपल्स येथे त्यांनी जीवन संपविले.

ध्वनिमुद्रणाच्या युगात एनरिको कारूसो हे नाव घरोघरी पोहोचले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी एप्रिल १९०२ मध्ये मिलान येथे त्यांचे गायन मुद्रित केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. ७ जुलै १९९० रोजी, फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या पूर्वसंध्येला, रोममध्ये लुचियानो पावारोत्ती, प्लासिदो दोमिंगो आणि होसे कारेरास हे तीन टेनर एकत्र गायले. त्या मैफलीचे संचालन मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी केले होते.

वाद्यांतही ‘टेनर’ आहे. टेनर सॅक्सोफोन आणि टेनर ट्रॉम्बोन ही त्याची उदाहरणे. इंग्लंडमधील चर्चच्या घंटांच्या संचात मात्र सर्वांत मोठ्या आणि सर्वांत खालच्या स्वराच्या घंटेला टेनर म्हणतात.

कायदा आणि कर्ज

भाषण वा चर्चेचा ‘टेनर’ म्हणजे तिचा एकूण रोख. मराठीत यासाठी ‘सूर’ हाच शब्द आहे. कायद्यात दस्तऐवजाचा टेनर म्हणजे त्याच्या शब्दांतून दिसणारा आशय. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात तो याच अर्थाने येतो. धनादेशावर वरकरणी दिसणाऱ्या आशयानुसार, सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता बँकेने रक्कम दिली, तर तिला कायद्याचे संरक्षण मिळते.

वित्तव्यवहारात टेनर म्हणजे मुदत. जुन्या सराफी व्यवहारात दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठराविक काळाने. आज हा शब्द सामान्य कर्जदाराच्या खिशाशी निगडित आहे. ८ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाख रुपयांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे २५,०९३ रुपये येतो. प्रारंभीच दर ९ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत २४० महिन्यांवरून सुमारे ३०४ महिने होते. हप्ता न वाढताही एकूण परतफेड सुमारे १६ लाख रुपयांनी वाढते.

पुरेशी कल्पना न देता मुदत वाढविल्याच्या तक्रारींनंतर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी परिपत्रक काढले. दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्हींचा मेळ घालावा, हे निवडण्याचा पर्याय कर्जदाराला देणे त्यानुसार बंधनकारक झाले. कर्जाची अंशतः वा पूर्ण मुदतपूर्व परतफेड करण्याची मुभाही त्यात आहे. शिल्लक हप्त्यांची संख्या दर्शविणारे विवरण बँकेने दर तिमाहीला उपलब्ध करून द्यावयाचे आहे. कर्जखात्यातील ‘टेनर’ किती उरला, हे या विवरणावरून कर्जदाराला पडताळता येते.