आधी आई दाखवा

घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं की मुलांची नावावरून भांडणं सुरू होतात. आजी विचारते, ते झोपणार कुठे? आणि वडील विचारतात, पैसे कोणाला मोजायचे? यातला वडिलांचा प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटतो, पण त्यामागे निदान पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. पिल्लू कोणाकडून घ्यायचं, काय बघून घ्यायचं आणि घरी आणल्यावर ते रात्रभर रडलं तर काय करायचं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेळोवेळी बदलत गेली. ती कशी बदलली, ते आज पाहू.

सुरुवात इंग्लंडपासून करायला हवी, कारण ‘ब्रीडर’ नावाचा आजचा माणूस तिथेच घडला. १८४१ साली एलिझाबेथ बॅरेट ही कवयित्री आजारपणामुळे अंथरुणाला खिळली होती. मेरी रसेल मिटफर्ड या लेखिका मैत्रिणीनं तिला फ्लश नावाचं स्पॅनियल जातीचं तरुण कुत्रं भेट पाठवलं. ते मिटफर्डबाईंच्याच कुत्र्याचं पोर होतं. चांगलं पिल्लू मिळण्याची त्या काळातली खात्रीची वाट हीच होती. ओळखीच्या घरात कुत्री व्याली की त्या वेतातलं एखादं आपल्याकडे यायचं. त्याचे आईबाप आपण पाहिलेले असायचे, त्यांचा स्वभाव ठाऊक असायचा. कागद कोणी मागत नसे आणि कोणी देतही नसे.

ओळख नसेल तर मात्र रस्त्यावरचा विक्रेता. हेन्री मेह्यू या पत्रकारानं १८५१च्या सुमारास लंडनच्या गोरगरिबांवर जे प्रचंड लिखाण केलं, त्यात कुत्री विकणारे आहेत आणि कुत्री चोरणारेही आहेत. चोरलेलं कुत्रं परत देण्यासाठी खंडणी मागणं हा तिथला चालू धंदा होता. आपला फ्लशही तीनदा चोरीला गेला. तिसऱ्या वेळी, १८४६ साली, बॅरेटबाई वडिलांचा विरोध पत्करून स्वतः शोरडिचच्या बकाल वस्तीत गेल्या आणि पैसे देऊन त्यांनी त्याला सोडवलं. विकणारा कुठला, पिल्लू कुठलं, काहीच कळायला मार्ग नाही, अशी ही बाजारपेठ होती.

या गोंधळावर व्हिक्टोरियन इंग्रजांनी काढलेला तोडगा म्हणजे नोंदवही. १८५९च्या जून महिन्यात न्यूकॅसल इथे पहिलं मोठं श्वानप्रदर्शन भरलं. फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींची साठ कुत्री होती आणि बक्षीस होतं बंदुकीचं. गंमत अशी सांगतात, की पॉइंटरच्या परीक्षकाचं कुत्रं सेटरच्या गटात पहिलं आलं आणि सेटरच्या परीक्षकाचं पॉइंटरच्या गटात! पुढे १८७३ साली शर्ली नावाच्या पार्लमेंट सदस्याच्या पुढाकारानं लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. १८७४ साली त्यांची पहिली वंशावळीची वही निघाली. तिच्यात चार हजारांहून अधिक कुत्र्यांची नोंद होती. तिथून ‘पेडिग्री’ हा शब्द घराघरात गेला. आपल्याकडे आज ‘पेपर्सवालं पिल्लू आहे का?’ असं विचारतात, तो प्रश्न या वहीतून आलेला आहे. पेपर्स देणारा आपला केनेल क्लब चेन्नईत आहे, पण पद्धत तीच.

कागद आला ही चांगलीच गोष्ट झाली, हे मान्य करायला हवं. फसवणुकीला थोडा तरी आळा बसला. पण त्याबरोबर एक गोष्ट नकळत घडली. गिऱ्हाईक पिल्लाच्या आईकडे पाहायचं सोडून आईच्या नावाकडे पाहू लागलं. कागद आईविना प्रवास करू शकतो. पिल्लू टोपलीत घालून आगगाडीनं शंभर मैलांवर पाठवता येऊ लागलं आणि कागद त्याच्या सोबत टपालानं.

आपल्या दख्खनमध्ये कागदावाचून जाती टिकल्या, हेही इथे सांगितलं पाहिजे. ज्या लांब पायांच्या, सडपातळ शिकारी कुत्र्याला कर्नाटकात मुधोळ म्हणतात आणि आपल्याकडे कारवानी म्हणतात, ते पिढ्यान्‌पिढ्या शिकारी आणि मेंढपाळ लोकांनी जपलं. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याला नाव आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. पण गावातल्या माणसाला ना राजाश्रयाची गरज होती, ना तिकिटाची. ज्या कुत्रीला सशामागे धावताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं, तिचं पिल्लू तो मागून घ्यायचा.

आता घरी आणलेल्या पिल्लाकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नव्या पिल्लाची सगळ्यात मोठी चिंता त्याच्या रडण्याची नव्हती, ते जगेल की नाही याची होती. डिस्टेंपर नावाचा रोग वेतंच्या वेतं संपवत असे. कितीही चांगल्या माणसाकडून पिल्लू घ्या, या रोगापुढे इलाज नव्हता. शेवटी १९२३ साली ‘द फील्ड’ या शिकारी लोकांच्या साप्ताहिकानं वाचकांकडून वर्गणी गोळा करून संशोधनासाठी निधी उभारला. लंडनजवळच्या मिल हिल इथे लेडलॉ आणि डंकिन या दोघांनी त्यावर काम केलं आणि दशक संपण्याच्या आत लस तयार झाली. या कामात त्यांनी फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी वापरला होता. त्याच फेरेटांच्या मदतीनं १९३३ साली तिथेच माणसाच्या फ्लूचा विषाणू प्रथम वेगळा काढता आला. शिकारी कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या वर्गणीचा असा उपयोग होईल, हे त्या साप्ताहिकाच्या संपादकाच्या स्वप्नातही आलं नसेल.

पिल्लू जगायला लागलं, तेव्हा ते वागतं कसं याकडे लक्ष गेलं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९४५च्या सुमारास पाच जातींच्या कुत्र्यांचा अभ्यास हाती घेतला. तो जवळजवळ वीस वर्षं चालला आणि १९६५ साली पुस्तकरूपानं आला. त्यातला एक प्रयोग जरा निष्ठुर वाटतो, पण त्यानं पिल्लं पाळण्याची सगळी रीत बदलली, म्हणून सविस्तर सांगतो.

उंच कुंपण घातलेल्या मोकळ्या आवारात कुत्री आपल्या पिल्लांसह ठेवली. त्यांना अन्नपाणी मिळे, पण माणूस दिसत नसे. मग वेगवेगळ्या वयाची पिल्लं, काही दोन आठवड्यांची, काही तीन, पाच, सात, नऊ आठवड्यांची, आठवडाभर आत आणून माणसांच्या सहवासात ठेवली आणि परत सोडली. काही पिल्लांना मात्र चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही. ही शेवटची पिल्लं रानटी जनावरासारखी झाली. माणूस दिसला की पळत आणि पुढे लाड करूनही फारशी निवळत नसत. ज्यांना मधल्या काळात केवळ एक आठवडा माणसाचा सहवास मिळाला होता, ती माणसाळली. यावरून असं दिसलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग कसं आहे ते ठरवतं. खिडकी त्या काळात उघडी असते. नंतर ती हळूहळू मिटत जाते.

याचा पडताळा कॅलिफोर्नियात सॅन राफाएल इथे आला. अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करणारी संस्था तिथे आहे. १९४६च्या सुमारास शिकवायला घेतलेल्या शंभर कुत्र्यांपैकी जेमतेम नऊ कामाला लागत. क्लॅरन्स फॅफेनबर्गर या गृहस्थांनी स्कॉट यांच्या मदतीनं दोन गोष्टी केल्या. आईबाप पारखून निवडले आणि पिल्लं बाराव्या आठवड्याच्या सुमारास शेतकरी कुटुंबांतल्या मुलांकडे सांभाळायला दिली. १९५८पर्यंत शंभरातली नव्वद कुत्री उत्तीर्ण होऊ लागली. आकडेवारी तपासताना एक विलक्षण गोष्ट दिसली. चाचण्या संपल्यावर आठवडाभरात ज्या पिल्लांना घर मिळालं, त्यांच्यातली सुमारे नव्वद टक्के यशस्वी झाली. ज्यांना जागेअभावी तीन आठवड्यांहून जास्त केनेलमध्येच राहावं लागलं, त्यांच्यातली तीसएक टक्केच. केनेल तेच, खाणंपिणं तेच आणि आईबापही तितकेच निवडलेले. फरक पडला तो त्या थोड्या आठवड्यांचा.

म्हणजे पिल्लू आपल्या घरी येतं तेव्हा त्याचं निम्मंअधिक शिक्षण झालेलं असतं आणि ते केलेलं असतं त्याच्या आईनं, भावंडांनी आणि ब्रीडरनं. भावंडांशी खेळताना जोरात चावलं तर समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो, हे ते तिथेच शिकतं. ते ज्या घरात वाढलं तिथे भांडी वाजत होती का, मुलं ओरडत होती का, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या का, हे विचारणं पेपर्स मागण्याइतकंच महत्त्वाचं आहे. माझ्या मते तर अधिकच.

पहिल्या रात्रीच्या रडण्याचं कोडंही बार हार्बरलाच सुटलं. जुन्या लोकांचा सल्ला असे, की पिल्लाला स्वयंपाकघरात कोंडा, रडून रडून गप्प बसेल, लाड कराल तर सोकावेल. स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांचं केकाटणं चक्क मोजलं. अनोळखी जागी एकटं ठेवलं की ते सर्वात जास्त आणि सोबत भावंड असलं की बरंच कमी. सहा-सात आठवड्यांच्या वयात तर हा आक्रोश टिपेला पोचतो. तो हट्ट नसतो, पिल्लू आपल्या माणसांना हाक मारत असतं. म्हणून आता पहिले काही दिवस पिल्लाची पेटी आपल्या अंथरुणाजवळ ठेवायला सांगतात. ब्रीडरकडून येताना आईच्या अंगाखालचं फडकं मागून आणायचं आणि तेच पिल्लाखाली घालायचं, असंही सांगतात. आठवडाभर खाणंही तेच ठेवायचं, जे तिथे होतं. आजीला विचाराल तर ती म्हणेल, माहेरची गोधडी सासरी नेतात तसंच की हे!

१९७८च्या सुमारास पार्व्हो नावाचा नवा रोग जगभर पसरला आणि पुन्हा सगळं उलटलं. लशीचा क्रम पुरा होईपर्यंत पिल्लाला घराबाहेर काढू नका, असं डॉक्टर बजावू लागले. सल्ला रास्त होता, पण ती खिडकी नेमकी त्याच दिवसांत मिटत होती. रोगापासून वाचलेली पिल्लं भित्री, चावरी होऊन मग टाकून दिली जाऊ लागली. २००८ साली अमेरिकेतल्या प्राणिवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनं स्पष्टच म्हटलं, की तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण रोग नाही, बिघडलेलं वागणं आहे. तेव्हा पहिली लस झाल्यावर पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता, वाहनं, माणसं दाखवावीत. जमिनीवर, अनोळखी कुत्र्यांत मात्र सोडू नये. आता हीच मधली वाट सांगतात.

त्याच २००८ साली कागदाचंही पितळ उघडं पडलं. बीबीसीनं ब्रिटनमधल्या वंशावळीच्या कुत्र्यांवर एक माहितीपट दाखवला. मेंदूला कवटी अपुरी पडल्यामुळे वेदनेनं तळमळणारी स्पॅनियल कुत्री लोकांनी पाहिली. ब्रिटनमध्ये दहा हजारांच्या आसपास पग असले तरी आनुवंशिक विविधता जेमतेम पन्नास कुत्र्यांइतकी होती, असा हिशेब पुढे आला. वही बंद करून आतल्या आत जुळवत राहिलं की असंच होणार. पुढच्या वर्षी केनेल क्लबनं सख्ख्या नात्यातल्या जोड्यांच्या पिल्लांची नोंद बंद केली. आपल्याकडे २००३ साली हचच्या जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा पग आला आणि शहराशहरांतून त्याला मागणी आली. दारात ठेवलेल्या त्या बसक्या नाकाच्या पिल्लाला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेताना किती त्रास होतो, हे जाहिरातीत दिसणार कसं?

मागणी वाढली की पिल्लांचे कारखाने निघतात. २०१३ साली वेल्समधल्या अशाच एका ठिकाणाहून लूसी नावाची स्पॅनियल कुत्री सुटली. सतत विण्यामुळे आणि पिंजऱ्यात राहिल्यामुळे तिची कंबर वाकलेली होती. २०१६ साली ती गेली. तिच्या नावानं चळवळ उभी राहिली आणि ६ एप्रिल २०२०पासून इंग्लंडमध्ये ‘लूसीचा कायदा’ लागू झाला. सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानदारानं किंवा दलालानं विकायचं नाही. ज्यानं ते वाढवलं त्याच्याकडूनच, आईच्या सोबत पाहून घ्यायचं. आपल्याकडे त्याआधीच, २०१७ साली, केंद्र सरकारनं श्वानपैदाशीचे नियम केले. ब्रीडरनं राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, कुत्रीला दीड वर्षाआधी विऊ द्यायचं नाही आणि जन्मात पाचांहून अधिक वेतं घ्यायची नाहीत. नियम चांगले आहेत. ते गिऱ्हाइकालाच ठाऊक नसतात, ही अडचण. नोंदणीचा दाखला मागून पाहा, समोरचा माणूस कसा चपापतो ते दिसेल.

इंग्लंडमध्ये कायदा लागू झाला त्याच सुमारास टाळेबंदी आली आणि घरी बसलेल्या लोकांना पिल्लू हवंसं वाटू लागलं. तेव्हा काही ठगांनी नवी युक्ती काढली. भाड्यानं घर घ्यायचं, सतरंजी अंथरायची आणि कोणतीही एक कुत्री ‘आई’ म्हणून पिल्लांशेजारी बसवायची. म्हणून आता तिथले जाणकार आई नुसती बघू नका, तपासा, असं सांगतात. महिना-दोन महिन्यांपूर्वी व्यालेल्या कुत्रीचे सड ओघळलेले दिसतात. पिल्लं तिला पाहताच लुचायला धावतात आणि ती वैतागून का होईना, त्यांना जवळ येऊ देते. पिल्लं जवळ गेली आणि ती बाजूला सरकून दाराकडे पाहत राहिली, तर पैसे खिशातच ठेवावेत.