मातीविरहित बटाटा : रोपणमाध्यम व पोषकद्रव्यांचे शोषण

मातीऐवजी कोकोपीट, परलाइट, व्हर्मिक्युलाइट किंवा वाळूत रोप लावून ते विद्राव्य खतांच्या द्रावणावर वाढविण्याच्या पद्धतीत बटाटा मुख्यतः विषाणुमुक्त बेण्याच्या लघुकंदांसाठी घेतला जातो. माध्यम रोपाला केवळ उभे धरते, ही समजूत या पिकाला लागू पडत नाही, कारण मुळांबरोबर कंदही माध्यमातच पोसतो.

कॅल्शियमच्या बाबतीत हे विशेष जाणवते. ते प्रकाष्ठातून, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांतून, पानांतील बाष्पोच्छ्वासाच्या ओढीने चढते. परंतु पानांतला अन्नरस खाली आणणाऱ्या परिकाष्ठातून फारसे परतत नाही. परिणामी मुख्य मुळांनी घेतलेले कॅल्शियम कंदाला अत्यल्प मिळते आणि त्याची गरज भूस्तरींवरील, म्हणजे ज्यांच्या टोकाला कंद धरतात त्या जमिनीखालच्या फांद्यांवरील, तसेच कंदालगतच्या बारीक मुळांना भागवावी लागते. कंदांभोवतीचा थर कोरडा राहिला, तर तळाशी द्रावण मुबलक असूनही कंदाच्या गरात तपकिरी डाग पडू शकतात.

माध्यमाची धनायन-विनिमय क्षमता, म्हणजे धनभारित आयन धरून ठेवण्याची व सोडण्याची शक्ती, हा दुसरा निर्णायक गुण होय. परलाइटमध्ये ती नगण्य असल्याने द्रावणातील बदल मुळांना लगेच जाणवतो, चूकही तितकीच लवकर भोवते. नारळाच्या काथ्यापासून निघणाऱ्या कोकोपीटमध्ये मुळातच पोटॅशियम व सोडियम असते. ते द्रावणातील कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडते आणि स्वतःकडील पोटॅशियम-सोडियम सोडते, शिवाय वाढलेले पोटॅशियम शोषणातही त्या दोघांशी स्पर्धा करते. म्हणून लागवडीपूर्वी कोकोपीट धुऊन कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजविणे आणि पुन्हा धुणे अनिवार्य मानावे. व्हर्मिक्युलाइट पोटॅशियम व अमोनियम धरते, पण दाबले गेल्यास त्यातील हवा कमी होते. ऑक्सिजनअभावी मुळांचे शोषण मंदावते आणि कंदांवरील श्वसनछिद्रे फुगतात.

नायट्रोजनचा अखंड पुरवठा कंदधारणा लांबवितो, तर त्यात पाडलेला खंड तिला चालना देतो. नायट्रेट ऋणभारित असल्याने कण त्याला फारसे धरत नाहीत. तरीही कोकोपीटमध्ये साठलेल्या द्रावणामुळे हा खंड परलाइटपेक्षा उशिरा परिणाम करतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने लघुकंदांसाठी विकसित केलेल्या वायुसंवर्धन पद्धतीत मुळांवर द्रावणाचा फवारा असतो आणि माध्यम नसते, त्यामुळे तेथे अशी अडचण येत नाही. माध्यम वापरताना मात्र दिलेल्या द्रावणाबरोबरच निचऱ्याच्या पाण्याचाही सामू व विद्युतवाहकता नियमित मोजणे आवश्यक असते.