जयपूरची खंडणी व सार्वभौमत्वाचा प्रश्न

सार्वभौमत्वाची व्याख्या करणे सोपे आहे. ते नेमके कोठे वसते हे दाखविणे कठीण. फ्रेंच पंडित झाँ बोदँ याने १५७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कल्पनेला पहिल्याने रेखीव रूप दिले. ज्याच्यावर दुसरा कोणी नाही तो सार्वभौम, आणि असा राजा स्वतः केलेल्या कायद्याने बांधला जात नाही, हे त्याचे मत सर्वांना ठाऊक असते. परंतु हाच राजा आपण केलेल्या कराराने मात्र बांधला जातो, असेही बोदँने म्हटले आहे, आणि हे दुसरे कलम सहसा कोणी उद्‌धृत करीत नाही. आमच्या मते सगळी अडचण याच कलमात आहे. सार्वभौमाने दिलेल्या वचनाचा जाब त्याला विचारावयाचा कोणी?

आम्ही राहतो तो झोटवाडा जयपूर शहराच्या वायव्येस आहे. येथून अजमेरच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात बगरू लागते. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी बगरूच्या छापाच्या चादरी असतील. पण तेथे ऑगस्ट १७४८ मध्ये मल्हारराव होळकरांनी जयपूरच्या ईश्वरीसिंहाला जेरीस आणले, हे त्या चादरी विकत घेताना कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या युद्धाचे मूळही एका वचनातच होते. उदेपूरच्या राजकन्येला होणारा पुत्र गादीवर बसेल असे सवाई जयसिंहाने १७०८ साली कबूल केले होते. १७४३ साली तो वारला, तेव्हा थोरला ईश्वरीसिंह गादीवर बसला आणि उदेपूरच्या राणीचा मुलगा माधोसिंह हक्क सांगू लागला. होळकरांनी माधोसिंहाची बाजू धरली, शिंद्यांचा ओढा ईश्वरीसिंहाकडे. पुण्याच्या दरबाराने दोघांकडूनही पैशाची बोलणी चालविली.

शेवट सर्वश्रुत आहे. खंडणीची बाकी फिटेना आणि होळकरांची फौज चालून येत आहे असे दिसताच ईश्वरीसिंहाने डिसेंबर १७५० मध्ये विष घेऊन प्राण दिला. मराठ्यांनी माधोसिंहाला गादीवर बसविले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, शहर पाहावयास निर्धास्तपणे आत आलेल्या मराठ्यांची जयपूरकरांनी कत्तल केली. हजारो माणसे मारली गेली. आमच्या बखरी व पाठ्यपुस्तके या प्रसंगावरून घाईने पुढे सरकतात. त्या कत्तलीचे समर्थन कोणीही करणार नाही. पण जयपूरकरांच्या मनात एवढा द्वेष का साठला होता, हा प्रश्न मराठी वाचकाने टाळू नये.

वसुली ही सत्ता असते, परंतु ती सार्वभौमत्व नव्हे. १७१९ साली बादशहाकडून दक्षिणेच्या चौथाईची सनद मिळाली तेव्हा तिच्याबरोबर पंधरा हजार घोडेस्वारांनिशी चाकरी करण्याचे बंधन निदान कागदावर तरी आले होते. जयपूरच्या खंडणीबरोबर असे कोणतेही ओझे मराठ्यांनी पत्करले नाही. रयतेचे रक्षण, गादीचा वारसा, शेजाऱ्यांचा उपद्रव, यांपैकी कशाचीही हमी नव्हती. केवळ हप्ता होता. आणि गंमत अशी की या सर्व काळात जयपूरच्या टांकसाळीतला झाडशाही रुपया दिल्लीच्या मोगल बादशहाच्याच नावाने पडत होता, तो थेट १८५७ पर्यंत. नाव दिल्लीचे, कारभार जयपूरचा, पैसा शिंदे-होळकरांचा. तिघांपैकी सार्वभौम कोण, हे बोदँलाही सांगता आले नसते.

कंपनी सरकारने हीच पोकळी हेरली. १८०३ च्या डिसेंबरात तिने जयपूरशी संरक्षणाचा तह केला, आणि तो दोन-तीन वर्षांच्या आतच स्वतः मोडून जयपूरला पुन्हा होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या तोंडी दिले. पुन्हा गरज भासली तेव्हा २ एप्रिल १८१८ रोजी दुसरा तह झाला. त्याची कलमे आमच्यासारख्या कारकुनाने अवश्य वाचावीत. एका कलमाने महाराजा आपल्या मुलखाचा पूर्ण मुखत्यार. दुसऱ्याने तो कंपनीच्या वर्चस्वाखाली व तिच्या आज्ञेत राहून साहाय्य करणारा. पहिल्या वर्षी खंडणी माफ, मग चार लाखांपासून चढत सहाव्या वर्षी आठ लाख, आणि राज्याचा वसूल चाळीस लाखांवर गेला तर वरच्या रकमेतून रुपयामागे पाच आणे अधिक. मराठ्यांनी खंडणी मागितली. कंपनीने हिशेब मागितला. दुसऱ्याचा वसूल मोजण्याचा अधिकार ज्याच्याकडे गेला त्याच्याकडे बाकीचे सारे हळूहळू जाते. १८६९ साली सांभर सरोवराचे मीठही इंग्रजांकडे गेले.

वऱ्हाडचे उदाहरण तर मराठी वाचकाच्या घरचे. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला. १९०२ साली वार्षिक पंचवीस लाखांवर तो कायमचा पट्ट्याने गेला. निजामाने तो परत मागितला, तेव्हा मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी बजावले की हिंदुस्थानात ब्रिटिश राजमुकुटाचे सार्वभौमत्व सर्वोच्च आहे आणि बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा हक्क कोणत्याही संस्थानिकाला नाही. मात्र दहा वर्षांनी, १९३६ साली, निजामाचे सार्वभौमत्व वऱ्हाडावर नावापुरते मान्य करून त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब देण्यात आला! किताब घ्यावा आणि मुलूख विसरावा.

१९४७ साली ते राजमुकुटाचे वर्चस्व संपले, ३० मार्च १९४९ रोजी जयपुरात सरदार पटेलांनी राजस्थान राज्याचे उद्घाटन केले, आणि महाराजांना वर्षाकाठी अठरा लाखांचा तनखा ठरला. तो घटनेत लिहिला होता. सप्टेंबर १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढण्यात आली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे न्यायालयात गेले आणि डिसेंबरात जिंकले. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे कायमचे गेले. लोकशाहीत वंशपरंपरेचा तनखा चालू राहणे आम्हांला योग्य वाटत नाही. तरीही वचन देणारा व वचन रद्द करणारा एकच होता, हे नमूद केले पाहिजे.

याउलट परक्यांपुढे काय घडते पाहा. याच राजस्थानात बारमेरला तेल काढणाऱ्या केर्न कंपनीवर २०१२ च्या पूर्वलक्षी कायद्याच्या आधारे कर बसविण्यात आला. भारत व ब्रिटन यांच्यातील १९९४ च्या कराराचा आधार घेऊन कंपनी लवादाकडे गेली. डिसेंबर २०२० मध्ये लवादाने भारताविरुद्ध सुमारे १२३ कोटी डॉलरचा निवाडा दिला. पुढच्या वर्षी पॅरिसमधील भारत सरकारच्या मालमत्तेवर टाच आणण्याची परवानगी फ्रेंच न्यायालयाने दिली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने तो पूर्वलक्षी कर मागे घेतला. परकीय कंपनी आपल्या सार्वभौम सरकारला जाब विचारू शकते.

आपल्याच माणसांना तो विचारता येतो का? संस्थानांशी झालेल्या करारांवरील तंटे न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारे ३६३ वे कलम घटनेत आहे. जयपूरच्या सवाई मानसिंह टाउन हॉलवर, जेथे पूर्वी विधानसभा भरत असे, माजी राजघराण्याने हक्क सांगितला, तेव्हा राजस्थान उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हेच कलम पुढे करून ते दावे चालण्याजोगे नाहीत असे ठरविले. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी नोटीस काढली. १९४९ च्या त्या करारात भारत सरकार हा एक पक्ष होता की नव्हता, म्हणजे कागदाखाली सही कोणाकोणाची, हा तेथील वादाचा एक मुद्दा आहे.