औषधाची किंमत नि माणसाचे मोल

१९९६ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. सेमिनरीच्या अभ्यासक्रमाचा एक भाग म्हणून आम्ही काही विद्यार्थी दर रविवारी मुंबईतील एका रुग्णालयात आजाऱ्यांच्या भेटीस जात असू. तेथे कोपऱ्यातील खाटेवर जेमतेम तिशीचा एक तरुण पडून असे. बोटीवर नोकरीस असलेला हा धट्टाकट्टा मुलगा एड्सने पार खंगून गेला होता. त्याची आई हातात रोजरी घेऊन उशाशी बसलेली असे. एकदा तिने मला विचारले, "ब्रदर, ह्या दुखण्यावर औषधच नाही का हो?" मी म्हणालो, "नाही, मावशी."

नाताळापूर्वीच तो वारला. त्याला क्षय झाला होता असे घरच्यांनी गावात सांगितले. माझे उत्तर चुकीचे होते, हे मला मात्र काही वर्षांनी समजले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात कॅनडातील व्हँकुव्हर शहरी भरलेल्या जागतिक एड्स परिषदेत शास्त्रज्ञांनी तीन औषधे एकत्र दिल्याने मरणाच्या दारातून रुग्ण परत येतात, असे निष्कर्ष मांडले होते. औषध होते, ते त्या माउलीच्या मुलासाठी नव्हते, एवढेच. हे असे का झाले, नि पुढे हे चित्र कसे पालटले, ह्याचा इतिहास आपल्या कुटुंबांना ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

एड्सवरील पहिले औषध ए.झेड.टी. हे होय. ते मुळात कर्करोगासाठी म्हणून १९६४ साली अमेरिकेत जेरोम हॉर्विट्झ ह्या शास्त्रज्ञाने सरकारी अनुदानाच्या साहाय्याने तयार केले होते. त्या कामी ते निरुपयोगी ठरले नि बाजूस पडले. १९८७ साली एड्ससाठी त्यास मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत वर्षाकाठी सुमारे दहा हजार डॉलर एवढी ठेवण्यात आली. पुढे तीन औषधांची उपचारपद्धती आली, तिचाही वार्षिक खर्च दहा ते पंधरा हजार डॉलरच्या घरात होता. श्रीमंत देशांत मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घसरले. आफ्रिकेत मात्र थडग्यांच्या रांगा वाढतच गेल्या. औषध बनविण्यास एवढा खर्च येत होता काय? मुळीच नाही. किंमत ठरत होती ती पेटंटमुळे. पेटंट म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत ती वस्तू इतर कोणीही बनवू नये असा कायद्याने दिलेला मक्ता. स्पर्धकच नसल्यावर मालक सांगेल ती किंमत!

येथे आपल्या देशाच्या एका दूरदर्शी कायद्याकडे वळले पाहिजे. स्वातंत्र्यानंतरही भारतात १९११ सालचा इंग्रजी अमदानीतील पेटंट कायदा चालू होता नि त्यामुळे परदेशी कंपन्यांची औषधे येथे अतिशय महाग विकली जात. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार ह्यांनी १९५९ साली सरकारला सादर केलेल्या अहवालात ह्या प्रश्नाचा सखोल ऊहापोह केला. त्याच्या आधारे १९७० सालचा पेटंट कायदा तयार झाला व तो १९७२ साली अमलात आला. त्याचे मर्म असे की औषधाच्या बाबतीत मक्ता मिळे तो ते बनविण्याच्या रीतीवर, खुद्द औषधावर नव्हे. निराळ्या रीतीने तेच औषध तयार करण्याची मुभा भारतीय रसायनशास्त्रज्ञांना मिळाली. ह्या एका तरतुदीमुळे देशी औषधनिर्मिती फोफावली.

डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद ह्यांनी १९३५ साली मुंबईत स्थापन केलेली सिप्ला ही त्यांपैकीच एक कंपनी. हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेतील डॉ. ए. व्ही. रामाराव ह्यांनी ए.झेड.टी. बनविण्याची स्वस्त रीत विकसित केली व १९९३ साली सिप्लाने ते औषध बाजारात आणले. पुढे २००१ साली ह्याच कंपनीने तीन औषधे एकाच गोळीत एकत्र केली. ह्या तिन्हींचे मालक तीन निरनिराळ्या कंपन्या असल्यामुळे ज्या देशांत तिन्हींवर पेटंट होते तेथे अशी गोळी बनविणे दुरापास्त होते. भारतात ते शक्य झाले. सकाळी एक नि संध्याकाळी एक, एवढेच घेणे रुग्णाला पुरे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत डॉ. युसुफ हमीद ह्यांनी 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' ह्या सेवाभावी संस्थेला वर्षाच्या औषधांसाठी ३५० डॉलर हा दर देऊ केला. म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी! साऱ्या जगाचे डोळे उघडले.

तरीही हरकती घेणारे होतेच. गरीब लोक अडाणी, त्यांच्यापाशी घड्याळ नाही, ते वेळेवर गोळ्या घेणार नाहीत, अशी विधाने अमेरिकेच्या मदतखात्याच्या प्रमुखाने २००१ साली केली. परंतु कोणी तपासून पाहिले होते काय? ज्यांनी पाहिले त्यांचा अनुभव उलट निघाला. हैतीच्या डोंगराळ भागात डॉ. पॉल फार्मर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर औषध पोहोचविले नि रुग्ण उठून कामाला लागले. सांत एजिदिओ ह्या कॅथलिक समुदायाने २००२ साली मोझांबिकमध्ये हे उपचार मोफत सुरू केले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अनेक पाहण्या एकत्र करून ताडून पाहिले असता, नेमाने औषध घेणाऱ्यांचे प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के, तर उत्तर अमेरिकेत ५५ टक्के आढळले. गरिबाविषयी ज्याला आपण व्यवहारज्ञान समजत होतो तो निव्वळ पूर्वग्रह होता!

दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधे आणता यावीत म्हणून १९९७ साली कायदा केला, तेव्हा औषध कंपन्यांनी त्या सरकारविरुद्ध प्रिटोरियाच्या न्यायालयात दावा लावला. २००१ साली सुनावणीच्या वेळी वादी कंपन्यांची संख्या ३९ होती. स्वतः एच.आय.व्ही.बाधित असलेल्या झॅकी अखमत ह्यांनी, सर्वसामान्यांना औषध मिळेपर्यंत आपणही ते घेणार नाही, असे व्रत घेतले होते. त्यांच्या संघटनेने रस्त्यावर नि न्यायालयातही लढा दिला. जगभरातून एवढी निर्भर्त्सना झाली की १९ एप्रिल २००१ रोजी कंपन्यांनी दावा मागे घेतला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी, पेटंटविषयक करार लोकांच्या आरोग्यरक्षणाच्या आड येऊ नये, अशी घोषणा केली. पुढील वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ह्या औषधांचा आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत विस्ताराने समावेश केला.

संशोधनाला पैसा लागतो, मक्ता नसेल तर नवी औषधे कोण शोधणार, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे. शास्त्रज्ञाला त्याच्या श्रमाचे फळ मिळालेच पाहिजे. परंतु ए.झेड.टी.चा पहिला खर्च लोकांच्या करातून झाला होता, हे विसरून कसे चालेल? शिवाय जो रुग्ण दहा हजार डॉलर कधीच देऊ शकणार नाही त्याला औषध नाकारल्याने संशोधनाच्या तिजोरीत कोणती भर पडते?

आता आपल्या घरची कथा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११५ देशांच्या सतरा हजारांहून अधिक खरेदीनोंदी तपासल्या गेल्या. २००६ पासून देणग्यांतून विकत घेतलेल्या ह्या गोळ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक भारतात बनलेल्या होत्या, असे त्यात दिसून आले. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. परंतु ज्या देशाने जगाला औषध दिले त्या देशातील गरिबाला सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळू लागले १ एप्रिल २००४ पासून. ज्या मुंबईतील कंपनीचे नाव जगभर गाजले त्याच मुंबईत तोवर कित्येक घरे दिवे विझून अंधारात बुडाली. किंमत उतरली म्हणजे औषध आपोआप गरिबाच्या ओठांपर्यंत पोहोचते असे नाही. त्यासाठी दवाखाना लागतो, तपासणी लागते, नि हे सारे उभारण्याची इच्छा लागते.

२००५ साली जागतिक व्यापार करारानुसार भारतातही औषधांवर पूर्ण पेटंट लागू झाले. मात्र जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवा मक्ता मिळविता येऊ नये, अशी तरतूद संसदेने त्यात ठेवली नि २०१३ साली कर्करोगावरील एका औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

२०२४ च्या अखेरीस जगात सुमारे ३ कोटी १६ लाख माणसे एच.आय.व्ही.वरील उपचार घेत होती. नियमित औषध घेणारा माणूस आज संसार करतो, नातवंडे पाहतो. त्याच वर्षी सुमारे ६ लाख ३० हजार माणसे एड्सशी निगडित कारणांनी मरण पावली, हेही खरे. २०२५ च्या प्रारंभी अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली, तेव्हा कित्येक देशांतील उपचारकेंद्रांचे काम विस्कळीत झाले. मिळविलेले टिकविण्यासाठीही जागे राहावे लागते.

आपल्यापुरते काय? उपचार आता सरकारी केंद्रांत मोफत आहेत. परंतु लाजेची भिंत अद्याप पुरती ढासळलेली नाही. घरातील दुखण्याला आजही क्षयाचे नाव देणारी कुटुंबे मी पाहतो. त्यांना मला एवढेच सांगावयाचे आहे, की लपवू नका, तपासणी करून घ्या, औषध आहे. आपल्या शेजारी अशी व्यक्ती असेल तर तिच्या घरची पायरी चढा, तिच्या हातचा चहा घ्या. त्या माउलीला मी १९९६ साली दिलेले उत्तर आज कोणत्याही आईच्या कानी पडू नये, ही जबाबदारी आता आपणा सर्वांची आहे.